खुर्ची मुलाच्या मापाची

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल खुर्चीतून घसरायला लागलं की घरचे छातीला पट्टा आवळतात. खरी मेख कमरेशी असते. नितंब पाठीला टेकलेले, कंबर-गुडघे-घोटे साधारण ९० अंशांत आणि तळवे फळीवर असले, की धड सावरण्यात ताकद खर्च होत नाही. हात मोकळे होतात. म्हणून पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी तिरका हवा. बैठकीची कड पोटरीपासून दोन बोटं अलीकडे. पाय कात्रीसारखे जुळतात? गुडघ्यांमध्ये लाकडी ठोकळा. खांदे मागे ओढले जातात? दोन फळ्या काटकोनात जोडून केलेली पाठ त्यांना पुढे आणते. डेव्हिड वर्नर यांच्या ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ (१९८७) या मेक्सिकोतल्या खेड्यांच्या अनुभवावरच्या पुस्तकात असे कितीतरी नमुने आहेत. मापं मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावीत, आणि सुताराला पायाची फळी वरखाली सरकणारी करायला सांगावं, मूल वाढणारच.