न भरणारी जखम

त्वचेचा कर्करोग प्रामुख्याने तीन प्रकारचा असतो. कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींपासून स्क्वेमस सेल कार्सिनोमा होतो, त्याच थराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून बेसल सेल कार्सिनोमा आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशींपासून मेलॅनोमा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात या सगळ्याचे मुख्य कारण ऊन. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, शेतमजूर दिवसभर उघड्यावर राबतो, तरी सेवाग्रामच्या पंचक्रोशीत उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग क्वचितच दिसतो. सावळ्या कातडीतले मेलॅनिन अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवते. इथे डोळा ठेवायचा तो जुन्या जखमांवर: कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरचा व्रण, चुलीवर भाजल्याचा वण, परकराच्या नाडीने वर्षानुवर्षे काचलेली कंबर.

जुन्या जखमेत किंवा वणात उगवणाऱ्या या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. झां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. जखम भरून येण्यासाठी कडेच्या पेशी सतत विभागत राहतात. जखम भरलीच नाही, तर हे विभाजन वर्षानुवर्षे चालते आणि त्यात कधीतरी चूक होते. वणाच्या कठीण ऊतीत रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी, त्यामुळे शरीराच्या पहारेकरी पेशी तिथे धड पोचत नाहीत. मूळ जखम आणि कर्करोग यांत बहुधा दशकांचे अंतर असते. म्हणजे अडवायला वेळ भरपूर मिळतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो.

वर्धा जिल्ह्याला या जखमांची ओळख जुनी आहे. मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या पाठबळावर १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले; त्यांची कुटी आजही तिथे पाहायला मिळते. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात उभे राहिले. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि कस्तुरबा रुग्णालय तिचे शिक्षण-रुग्णालय बनले. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार देशात पहिल्यांदा ज्या जिल्ह्यांत आले, त्यांतही वर्धा होता.

औषधाने जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही. घोट्यामागून तळव्याकडे जाणारी नस निकामी झाली की पायाला खडा, काटा, चटका काहीच कळत नाही. अंगठ्याच्या बुडाशी, टाचेवर, जिथे वजन पडते तिथे आधी घट्टा येतो, घट्ट्याखाली ऊत चिरडते आणि एक दिवस तो फुटतो. रुग्ण त्या पायाने चालतच राहतो, कारण दुखत नाही.

या जखमेचे खरे काम मलमपट्टीच्या खोलीत चालते. पाय आधी साध्या पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास भिजतो. गरम पाणी वर्ज्य, कारण पोळले तरी कळणार नाही. मग ड्रेसर ओला, पांढरट झालेला घट्टा ब्लेडने थर थर करून तासतो. इतर कुठल्याही रुग्णाच्या तोंडाकडे पाहून हात किती खोल गेला याचा अंदाज येतो. इथे तो आधार नाही. माणूस शेजाऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत असतो आणि पाते त्याच्या टाचेत चालत असते. ड्रेसरची नजर सगळा वेळ जखमेच्या कडेवर. सळईने तळ चाचपून हाड लागते का ते पाहिले जाते, धुऊन गॉज बांधला जातो, आजूबाजूच्या कोरड्या कातडीला खोबरेल लावले जाते. खोलीत आयोडिनचा आणि ओल्या गॉजचा वास कायमचा असतो. त्याच्याखाली कुजका, जड असा दुसरा वास येऊ लागला की ड्रेसर गॉज बाजूला ठेवून डॉक्टरांना हाक मारतो.

६ आठवडे, हा आकडा या कामात पुन्हा पुन्हा येतो. हाडापर्यंत न पोचलेला तळव्याचा साधा व्रण पायाला प्लास्टर घालून किंवा पूर्ण विश्रांती देऊन साधारण ६ आठवड्यांत भरतो. महागडे मलम लागत नाही. पण कापूस वेचणीच्या दिवसांत ६ आठवडे खाटेवर बसायचे कोणी? मजुरी बुडते, म्हणून प्लास्टर नाकारले जाते, जखम अर्धवट भरते, पुन्हा फुटते. रुग्ण ऐकत नाहीत, अशी तक्रार दवाखान्यांत सर्रास होते. ती अर्धीच खरी आहे. न ऐकण्याचा हिशेब रोजंदारीत आहे.

विश्रांती मिळूनही ६ आठवड्यांत जखम भरली नाही, तर दोन शंका घ्यायच्या: हाडात शिरलेला जंतुसंसर्ग किंवा कर्करोग. कर्करोगाच्या जखमेची कड उलटून बाहेर येते, कठीण लागते, तळातून फुलकोबीसारखा कोंब वर येतो आणि नुसता बोळा लागला तरी रक्त येते. जांघेत गाठ लागली तर ती संसर्गाचीही असू शकते, म्हणून तीही तपासावी लागते. खात्री होते ती तुकडा काढूनच. तो व्रणाच्या मधून घेतला तर मेलेली ऊतच हाती येते. कडेचा, खोल, एकाहून अधिक जागचा घ्यावा लागतो. फॉर्मॅलिन, मेण, मग काही मायक्रॉन जाडीचा काप. जुन्या जखमेची साधी वाढसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाचे सोंग घेते. बेताल पेशी खोल शिरलेल्या दिसल्या की निदान पक्के होते.

तळवा सोडून कमरेकडे यावे. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. याच खानोलकरांनी कुष्ठरोगात नसांचे काय होते याचाही अभ्यास केला होता. २०२४ मध्ये वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी कमरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. सत्तरीच्या एकीला परकराच्या नाडीखाली दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी आतून परकर न घालता सुमारे ४० वर्षे लुगडे घट्ट कसून नेसत आली होती. तिचा रोग जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत गेला होता. रोज त्याच जागी काच, घाम, खाज, आधी काळा मग पांढरा पडणारा पट्टा, आणि शेवटी जखम. विदर्भातल्या किती बायकांच्या कमरेवर हा पट्टा असतो, हे कुठल्याही घरात विचारावे. उपाय साधे आहेत: रुंद पट्टा किंवा सैल नाडी, गाठीची जागा बदलणे, कातडी सोलवटली तर काही दिवस सैल कपडे.

उपचाराचा पाया शस्त्रक्रिया. भोवतालची सुमारे २ सेंटीमीटर निरोगी कातडी घेऊन व्रण काढतात आणि मांडीची कातडी तिथे लावतात. रोग हाडात उतरला असेल तर गुडघ्याखाली पाय कापावा लागतो. ग्रंथींत पसरला असेल तर त्या काढतात, गरजेप्रमाणे किरणोपचार देतात. उरलेला पाय बधिरच असतो, म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर (एमसीआर) रबराची चप्पल आणि रोज रात्री तळवा आरशात पाहणे आयुष्यभर सुटत नाही.

उन्हाचा वाटा इथे कमी असला तरी अजिबात नाही असे नाही. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन लहानपणापासून हवेच. म्हाताऱ्या माणसाच्या नाकावर किंवा पापणीजवळ मोत्यासारखी चकाकणारी, मध्ये खपली धरणारी गाठ बेसल सेलची असू शकते. भारतीयांत मेलॅनोमा बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो आणि काटा मोडल्याचा काळा डाग समजून सोडून दिला जातो. वाढणाऱ्या, वेड्यावाकड्या कडेच्या डागावर कुरूप काढणाऱ्याचे ब्लेड चालवू नये.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आले आणि निर्मूलन जाहीर झाले. त्या मोजणीत फक्त औषध चालू असलेले रुग्ण येतात. ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स संपला की नाव यादीतून उतरते, मग पाय बधिर असो वा नसो. कर्करोगाचा धोका नेमका या यादीबाहेरच्या माणसांना आहे, आणि त्यांच्यासाठी मलमपट्टीची खोली चालू ठेवणे हा प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. घरात कुणाची जखम ६ आठवड्यांवर रेंगाळली असेल, तर हळद-चुना थांबवून त्वचारोग विभागात दाखवावी आणि डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितले तर नाही म्हणू नये.