बारा-चाळीससाठी जागा हवी

सकाळी ६.३०. चहा उकळेपर्यंत नकाशा उघडून बसतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक लहान गाव आणि तिथलं एएम स्टेशन: १२४० किलोहर्ट्झ, एक किलोवॉट, एप्रिलपासून मुकं. ट्रान्समीटर ठणठणीत आहे, गेली ती जमीन. भाडेकरार संपला, जागा गोदामवाल्याने घेतली, टॉवर भंगारात गेला. मोठ्या शहरांतही तेच चाललंय. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डात डब्ल्यूएमएएलचे टॉवर नोव्हेंबर २०२० मध्ये पाडले, घरं बांधायला. आता इथेही नोव्हेंबर लागला. १९९६ च्या कायद्याप्रमाणे सलग बारा महिने प्रक्षेपण झालं नाही की परवाना आपोआप संपतो. त्यासाठी वेगळी नोटीससुद्धा लागत नाही.

८.०० मालकांचा फोन. "अहो, हायवेवर मोबाइलचा टॉवर उभाच आहे. त्याच्यावर बसवून टाका की!" हा प्रश्न मला प्रत्येक मालक विचारतो. एफएमचा अँटेना टॉवरवर चढवता येतो, एएममध्ये अख्खा टॉवरच अँटेना असतो. चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा आणि खाली जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा. जमिनीला जोडलेल्या टॉवरभोवती तारांचा घागरा बांधून काम भागवता येतं, पण मोबाइल कंपनीला हे पटवण्यात वर्ष सरेल. मालकांचा खरा जीव अडकलाय तो एफएमवरच्या छोट्या पुनःप्रक्षेपकात. जाहिराती त्याच्यावर मिळतात, पण मूळ एएम बंद असेल तर तोही चालवता येत नाही.

९.४५ काउंटीचं कार्यालय. इथे सात-बारा नाही, पण खरेदीखतं आणि जमिनीचे तुकडे दाखवणारा नकाशा काउंटरवर मिळतो. गावाभोवती वर्तुळ काढलं. फार लांब गेलो तर गावावर सिग्नल पुरेसा पडत नाही. चुकीच्या दिशेला सरकलो तर शेजारच्या राज्यातल्या १२४० वाल्याच्या हद्दीत शिरतो. देशात या एका फ्रिक्वेन्सीवर शंभरावर स्टेशनं आहेत. विमानतळाची बाजू खोडली, नवी वसाहत खोडली. उरल्या दोन जागा.

११.०० नगरपालिकेचा सांडपाणी प्रकल्प. वास येतो, पण एएमवाल्याला तो मानवतो: सखल, ओलसर, शेजारी कोणी नाही. गडबड एवढीच की मोकळा पट्टा अरुंद आहे; तारा सगळीकडे सारख्या लांबीच्या जाणार नाहीत. अधीक्षक भले वाटले. पाहिजे तर दोन खांब वापरा म्हणाले.

दुपारी १.३० मक्याचं शेत. पीक निघालेलं, धसकटं उभी. जमीन बघूनच बरं वाटलं. न्यू इंग्लंडच्या खडकाळ भागात जमिनीची वाहकता मीटरला दोनेक मिलिसीमेन्स, कुठे त्याहूनही कमी. इथल्या काळ्या मातीत पंधराच्या घरात, आणि खाऱ्या समुद्राची पाच हजार. तेवढ्याच वॉटमध्ये स्टेशन कुठवर ऐकू जाणार, हे पुष्कळसं या आकड्यावर ठरतं.

१२४० ला पाव तरंगलांबी म्हणजे साठ मीटरला थोडा वर टॉवर, १९८ फूट. दोनशेच्या आत असल्याने, विमानतळ जवळ नसेल तर, सहसा लाल दिवे आणि पट्टे लागत नाहीत. बुंध्यापासून चहूकडे १२० तारा, प्रत्येक टॉवरइतकीच लांब, म्हणजे सात किलोमीटरवर तांबं. साडेतीन एकर तरी लागतात.

शेतकरीबाबा सत्तरीचे. त्यांनी भाडं विचारलंच नाही. बुटाच्या टाचेने माती उकरून म्हणाले, "तुमच्या तारा किती खोल?" वीतभर, म्हटलं. "माझा नांगर त्याच्याखाली जातो." म्हणजे तारांच्या वर्तुळात पेरणी करायची तर नांगरट सोडावी लागणार. मग त्यांनी निचऱ्याच्या नळ्यांचा आराखडा काढला. आजोबांच्या काळी घातलेल्या मातीच्या नळ्या, पेन्सिलीने आखलेल्या. टॉवरचा काँक्रीटचा पाया नेमका एका मुख्य नळीवर येत होता. ती फुटली तर वरचं सगळं शेत चिबडणार. आम्ही खुंटी उचलून तीसेक पावलं पूर्वेला सरकवली.

"आणि गोठ्यातल्या स्पीकरमध्ये गाणी वाजली तर?" प्रश्न रास्त होता. एक किलोवॉटला साधारण तीनशे मीटरच्या आत असं होऊ शकतं आणि तिथल्या रास्त तक्रारी निवारणं स्टेशनवर बंधनकारक आहे. लिहून देतो म्हटल्यावर ते हसले. मुलीला विचारून सांगतो म्हणाले. जमीन तिच्याही नावावर आहे.

४.४५ अंधारलं. गाडीत रेडिओ १२४० वर लावला. दुपारी नुसती खरखर होती, आता तिच्यात चार-पाच आवाजांचा कालवा. रात्री या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच्या गावापलीकडे कोणाचंच फारसं चालत नाही. म्हणूनच टॉवर गावाला चिकटून हवा.

७.०० मालकांना निर्णय कळवला. कायमची जागा शेतात. झोनिंगची सुनावणी, पाया आणि टॉवर धरून उन्हाळा उजाडेल. मुदत त्याआधीच संपते. म्हणून सांडपाणी प्रकल्पाच्या दोन खांबांमध्ये तात्पुरती तार ओढायची, पाव शक्तीवर, २५० वॉट, आणि तशी खास परवानगी आधी मागायची. परवानगीवाचून दुसऱ्याच ठिकाणाहून केलेलं प्रक्षेपण हिशेबात धरलं जात नाही. २००९ मध्ये अपील न्यायालयानेही एका स्टेशनला हेच सुनावलं.

"तारेवरून काय वाजवायचं?" मालकांनी विचारलं.

"काहीही वाजवा. फक्त दर तासाला स्टेशनचं नाव-गाव सांगा."