वस्तऱ्याची धार : समीकरण एक, अज्ञात दोन

हॉस्टेलवर दाढी म्हणजे व्हायवाच्या आदल्या रात्रीचा उद्योग. डिस्पोजेबल रेझर, शेजारच्या रूममधून उसनं आणलेलं क्रीम, आणि पाच मिनिटांत काम तमाम! पण काही हौशी मंडळी आजोबांच्या ट्रंकेतला जुना वस्तरा बाहेर काढतात आणि विचारतात, "याला धार कशी लावायची बुवा?" प्रश्न दिसतो सोपा, पण त्यात प्रॉडक्शन, मेटलर्जी आणि मेट्रॉलॉजी असे तिन्ही पेपर दडलेले आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

आता तुम्ही म्हणाल, सलूनमध्ये तर रोज वस्तरा बघतो. तो खरा वस्तरा नव्हे. ती नुसती मूठ; तिच्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. ते योग्यच आहे, कारण हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. फेकायच्या ब्लेडची कल्पना किंग कॅम्प जिलेट यांची. त्यांना १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. धार लावायचीच नाही, बोथट झालं की नवं घ्यायचं! सोय झाली खरी, पण दगडावर वस्तरा पाजवणारा हात मात्र दिसेनासा झाला. पूर्वी नंबर येईपर्यंत बघून बघूनच पोरांना हे कळायचं.

आधी भूमिती बघू. वस्तऱ्याची जाड बाजू म्हणजे पाठ. समजा पाठीची जाडी ४.५ मिमी आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १६ मिमी आहे. अर्ध्या कोनाचा साइन झाला २.२५ भागिले १६, म्हणजे कोन साधारण ८ अंश. दोन्ही बाजू मिळून १६ अंश. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि हा कोन आपोआप मिळतो. म्हणजे जिग वस्तऱ्यातच बसवलेलं आहे! विळीला किंवा सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. इथे नियम एकच, पाठ दगडावरून उचलायची नाही.

पण हे जिग चालायला दगड सपाट हवा. गावाकडे विळा-कोयता पाजवायचा दगड मध्ये खोलगट झालेला असतो, तो इथे उपयोगाचा नाही. नवा दगडसुद्धा तपासून घ्यावा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, जाड काचेवर वॉटर पेपर पसरा, पाणी टाका आणि दगड घासा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा जॉब सरफेस प्लेटवर तपासतो, तोच हिशेब.

दगड साधारण तीन लागतात. जपानी मापात १००० नंबरच्या दगडातले कण ११-१२ मायक्रॉनचे असतात, ४००० मधले ३ आणि ८००० मधले सुमारे १.२ मायक्रॉनचे. खरं काम १००० वरच होतं. तिथे दोन्ही उतार टोकापासून टाचेपर्यंत एका रेषेत भेटले पाहिजेत. पुढचे दगड फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे काढतात. पाया कच्चा ठेवून ८००० वर तासभर घासलं, तर चकचकीत बोथट वस्तरा मिळतो!

हाताची पद्धत अशी. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे ठेवून पातं ढकलायचं. पातं दगडाच्या रुंदीत मावत नाही, म्हणून ढकलता ढकलता टाचेकडून टोकाकडे तिरकं सरकवायचं. मग उलटून दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना फेरे सारखे. शेवटच्या फेऱ्यांत पात्याच्या वजनाइतकाच दाब पुरे. नवशिक्याचा हात इथेच जड पडतो. पातं मध्ये कागदासारखं पातळ असतं, दाबलं की वाकतं आणि सगळी भूमिती बिघडते.

काम कुठे होतंय हे कळायला धारेच्या कडेला मार्करची शाई लावा आणि दोन-चार फेरे मारा. जिथे शाई उरली तिथे दगड पोचलाच नाही. मग धार दिव्याखाली धरून सरळ वरून बघा. बारीक पांढरी रेघ चमकली तर ती बोथट जागा, कारण प्रकाश परतवायला तिथे सपाटी शिल्लक आहे. चांगली धार दिसतच नाही. अंगठा फिरवून बघण्याची हौस कृपया आवरा.

आता मेटलर्जी. केसापेक्षा ब्लेडचं पोलाद सुमारे ५० पट कठीण. मग केस कापून ते खराब का व्हावं? २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाढीची ब्लेडं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासली. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात असं त्यांना दिसलं. केस तिरका वाकला आणि पोलादाची रचना त्या जागी एकसारखी नसली, की टवका उडतो. म्हणून दाढीआधी केस कोमट पाण्याने मऊ करणं वस्तऱ्याच्याही भल्याचं. आणि हो, वस्तरा ग्राइंडरवर कधीही धरू नका. पातळ धार क्षणात तापते, टेम्पर उतरतं आणि पोलाद मऊ पडतं.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी : पाठ पुढे, धार मागे, आणि उलटताना पाठीवरून लोळवायचं. पट्टा ताणलेला हवा. सैल पडला तर धार गोल होते. दगड काही महिन्यांनी लागतो, पट्टा प्रत्येक दाढीआधी.

एवढं वाचून वाटेल, जमलंच की! खरी अडचण पुढे आहे. गालावर आग झाली तर चूक धारेची की हाताची? धार लावायलाही नवा आणि दाढी करायलाही नवा, म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात दोन. ते सुटत नाही. बोथट वस्तऱ्याने माणूस नकळत जोर लावतो आणि जखम तिथेच होते. तेव्हा एक अज्ञात आधी काढून टाका. जाणत्या हाताकडून एक वस्तरा नीट पाजवून घ्या, धार कशी असते ते गालाला कळू द्या, आणि आपला सराव दुसऱ्या जुन्या वस्तऱ्यावर करा. धारेपर्यंत गंजाचे खड्डे गेलेत किंवा पात्याला तडा आहे, असा वस्तरा आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका.

हॉस्टेलसाठी दोन गोष्टी. वस्तरा पुसून, तेलाचा हात फिरवून कुलपात ठेवायचा. आणि रूममेटला क्रीम द्या, नोट्स द्या, वस्तरा देऊ नका.

जाणता हात शोधायचा कुठे? सुट्टीत गावी गेलात की जुन्या सलूनमधल्या वयस्कर काकांना विचारून बघा. अर्ध्या ब्लेडच्या आधी ज्यांनी वस्तरा पाजवलाय अशी माणसं अजून भेटतात. दगडावर पातं नीट बसलं की आवाज कसा बदलतो, ते त्यांच्याशेजारी बसून ऐका. ते छापून सांगता येत नाही आणि त्याचे झेरॉक्सही मिळत नाहीत.