केमो लागेलच का?

सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेचं श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. केमोसाठी मुंबई गाठावीच लागते असं नाही. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती मुळात लागेल का, याचं उत्तर बरंचसं बायोप्सीच्या रिपोर्टात असतं: ईआर, पीआर (गाठीवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन). तिन्ही निगेटिव्ह असतील, तर गाठ अगदी लहान असल्याखेरीज केमो सहसा टळत नाही.

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेपर्यंत आजार पोचलेला नसेल, तर मात्र थांबून विचार करावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेलरएक्स’ अभ्यासात १०,२७३ स्त्रिया होत्या. २१ जनुकांच्या चाचणीत ११ ते २५ गुण आलेल्या बहुतेकींना नुसते हार्मोनचे उपचार पुरले. पन्नाशीपर्यंतच्या, १६ ते २५ गुणांच्या बायकांना केमोचा थोडा फायदा दिसला. ही चाचणी फार महाग. बंगळुरूत विकसित झालेली ‘कॅनअसिस्ट’ त्या मानाने स्वस्त.

केस जातील म्हणून नकार देऊ नका, ते बहुधा परत येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. आणि डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्यासारख्या शंभर जणींत केमोमुळे किती जास्त वाचतील?