ऑलिंपस पेन ई-पी१ आणि पॅनासोनिक ल्युमिक्स जीएफ१ : तुलना

ऑलिंपस पेन ई-पी१ आणि पॅनासोनिक ल्युमिक्स जीएफ१ हे इ.स. २००९ मध्ये सादर झालेले, भिंग बदलता येणारे दोन सुटसुटीत डिजिटल कॅमेरे होत. दोन्ही जपानी कंपन्यांचे असून त्यांची भिंगजोडणी एकच आहे. त्यामुळे एकाचे भिंग दुसऱ्याला बसते. हाताच्या कंपामुळे चित्र पुसट होऊ नये यासाठीची योजना मात्र दोघांत वेगवेगळ्या ठिकाणी आहे. हाच त्यांच्यातील प्रमुख भेद होय.

पार्श्वभूमी

एसएलआर कॅमेऱ्यात भिंग व प्रकाशसंवेदक यांच्यामध्ये आरसा असतो आणि त्याच्या हालचालीसाठी जागा ठेवावी लागते. ऑलिंपस व पॅनासोनिक यांनी ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर केलेल्या मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीत आरसा वगळण्यात आला. परिणामी भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर, आधीच्या फोर थर्ड्स प्रणालीतील ३८.६७ मिलिमीटरवरून १९.२५ मिलिमीटरवर आले. या प्रणालीतील ई-पी१ जून २००९ मध्ये, तर जीएफ१ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. 'पेन' हे नाव ऑलिंपसच्या १९५९ मधील फिल्म कॅमेऱ्यावरून घेतलेले आहे.

साम्ये

दोन्ही कॅमेऱ्यांचा संवेदक १७.३ × १३ मिलिमीटर आकाराचा आहे. हे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या सुमारे एक चतुर्थांश भरते. म्हणून २० मिलिमीटरचे भिंग येथे फिल्म कॅमेऱ्यातील ४० मिलिमीटरच्या भिंगाइतके दृश्य टिपते. ई-पी१ ची क्षमता १२.३ व जीएफ१ ची १२.१ मेगापिक्सेल आहे. हा फरक नगण्य होय. दोन्हींचा पडदा ३ इंची असून डोळा लावून पाहण्याचा दर्शक अंगभूत नाही.

भेद

ई-पी१ मध्ये संवेदकच हलून हाताचा कंप भरून काढतो. त्यामुळे कोणतेही भिंग, जोडकड्याने बसवलेले जुने भिंगसुद्धा, या सोयीचा लाभ घेते. जीएफ१ मध्ये ही सोय ठरावीक भिंगांतच मिळते. त्यासोबत विकल्या जाणाऱ्या २० मिलिमीटर एफ/१.७ भिंगात ती नाही. मात्र ते भिंग ई-पी१ सोबतच्या १७ मिलिमीटर एफ/२.८ भिंगापेक्षा अडीच पटींहून अधिक प्रकाश आत घेते.

मंद प्रकाशात या दोन उपायांचा परिणाम सारखा नसतो. कंप भरून काढल्याने स्थिर वस्तूचे चित्र स्पष्ट येते. परंतु धावणारे मूल त्यामुळे स्थिर होत नाही. त्यासाठी शटरचा अवधी कमी करावा लागतो आणि तेव्हा अधिक प्रकाश घेणारे भिंग उपयोगी पडते.

जीएफ१ मध्ये अंगभूत फ्लॅश आहे, तसेच वरून इलेक्ट्रॉनिक दर्शक जोडता येतो. ई-पी१ मध्ये या दोन्ही सोयी नाहीत. जीएफ१ च्या पडद्यावर ४.६ लाख बिंदू आहेत, तर ई-पी१ च्या पडद्यावर २.३ लाख. बॅटरी व भिंग वगळता ई-पी१ चे वजन ३३५ ग्रॅम, तर जीएफ१ चे २८५ ग्रॅम भरते.

उत्तरकाळ

पुढे दोन्ही कंपन्यांनी एकमेकींच्या सोयी स्वीकारल्या. ऑलिंपसने २०१० च्या ई-पीएल१ मध्ये अंगभूत फ्लॅश आणि इलेक्ट्रॉनिक दर्शकासाठी जोडणी दिली. पॅनासोनिकने २०१३ च्या जीएक्स७ मध्ये संवेदक हलवून कंप भरून काढण्याची पद्धत आणली.