टू-स्ट्रोक लॉनमोअर: पन्नास वर्षांचं बंद यंत्र पुन्हा सुरू करायचं तर काय पाहायचं?

सिडनीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एका रविवारी व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा थेट गॅरेजच्या फरशीकडे वळवला. तिथे एक गंजलेलं लॉनमोअर उभं होतं. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला निघाले होते आणि जाताना ते याला देऊन गेले. ‘चालू झालं तर वापर, नाहीतर भंगारात टाक,’ एवढंच त्यांनी सांगितलं होतं. ‘‘तू इंजिनिअर ना? मग सांग आता काय करायचं,’’ दादा म्हणाला.

टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी परीक्षेत कितीतरी वेळा काढली आहे. प्रत्यक्षात स्पार्क प्लग मात्र एकदाही काढला नव्हता. उत्तर आलं ते मागे चहा पीत बसलेल्या बाबांकडून. त्यांनी पंधरा वर्षं लूना चालवली. ‘‘आधी प्लग काढ म्हणावं,’’ ते कपातून मान वर न करता म्हणाले.

पुढचे तीन रविवार आम्ही तिघे त्या यंत्राच्या मागे होतो. त्यातून जे कळलं ते इथे सोपं करून मांडलं आहे. कोकणातल्या बागेतलं ग्रास कटर असो, शेतातला पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप असो किंवा घरात पडून असलेली जुनी मोपेड, यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेही लागू पडतात.

हे यंत्र आलं कुठून?

दादाला मिळालेलं यंत्र ‘व्हिक्टा’ कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं. ऑस्ट्रेलियात या नावाला जवळपास आपल्याकडच्या बजाज स्कूटरसारखं स्थान आहे.

गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये केलं. त्यात रुळावर बसवलेल्या पात्यांनी गवत कात्रीसारखं कापलं जाई. आखूड, सपाट हिरवळीसाठी ते उत्तम होतं. उंच वाढलेल्या, दाट गवतात मात्र ते अडकायचं. त्यावर जमिनीला समांतर, पंख्यासारखी गरगर फिरणारी पाती हा उपाय होता. सिडनीच्या कॉन्कॉर्ड भागात लॉरेन्स हॉल यांनी 1948 मध्ये असं यंत्र दाखवलं होतं, पण ते फार जड होतं.

त्याच भागात राहणाऱ्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी 1952 मध्ये घराच्या गॅरेजमध्ये हलकं यंत्र जोडलं. त्यांनी छोटं टू-स्ट्रोक इंजिन आडवं बसवलं, म्हणजे त्याचा दांडा सरळ खाली आला आणि त्यालाच पाती लावता आली. चाकं लहान मुलांच्या ढकलगाडीची होती. पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी पीच फळांचा रिकामा डबा लावला. ‘व्हिक्टा’ हे नाव त्यांच्या ‘व्हिक्टर’ या नावावरून आलं. पुढे हे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या घराघरात पोहोचलं. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात तर लॉनमोअर ढकलणाऱ्यांचं पथकच मैदानात उतरलं होतं.

टू-स्ट्रोक म्हणजे नेमकं काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली गेला की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एक स्फोट होतो. पिस्टन वर जाताना वरचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खालच्या क्रँककेसमध्ये नवं मिश्रण ओढलं जातं. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो. वाटेत सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात. एकातून धूर बाहेर जातो, दुसऱ्यातून ताजं मिश्रण वर येतं. व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून इंजिन हलकं, स्वस्त आणि उघडायला सोपं असतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. क्रँककेस पंपाचं काम करत असल्याने तिथे वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. दुसरं म्हणजे, ताजं मिश्रण आत येताना त्यातलं थोडं न जळताच धुरासोबत निसटतं. लूनामागे गाडी चालवलेल्यांना तो वास वेगळा सांगायला नको.

हात लावण्याआधी काय करायचं?

प्लगची कॅप काढून बाजूला करायची. दुसरं सगळं त्यानंतर.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिल्या रविवारी दादाने टाकीत थोडं ताजं पेट्रोल ओतून वीसेक वेळा दोरी ओढली. यंत्र ढिम्म. पाती जाम आहेत का हे पाहायला त्याने ते आडवं केलं आणि हाताने खालची तबकडी फिरवली. कॅप जागेवरच होती. इंजिनाने एक झटका दिला आणि तबकडी हातातून सुटून अर्धा फेरा फिरली. बोटांची कातडी सोलली, इतक्यावर निभावलं. पाती हाताने फिरवणं म्हणजे इंजिनच फिरवणं, कारण दोन्ही एकाच दांड्यावर आहेत. आत जळण्याजोगं मिश्रण आणि ठिणगी दोन्ही असतील तर ‘बंद’ यंत्रही एक स्फोट करू शकतं.

दुसरी काळजी पेट्रोलची. टाकीतलं जुनं पेट्रोल मोकळ्या जागेत, आगीपासून दूर काढून घ्या. ते गटारात किंवा मातीत ओतू नका.

दोष शोधायचा कसा?

बाबांचा हिशेब साधा होता. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि इंधन. एका वेळी एकच तपासायची.

दाब. दोरी हळू ओढल्यावर मध्ये हाताला चांगला अडथळा लागला पाहिजे. दोरी सुळकन येत असेल तर रिंग किंवा सिलिंडर झिजलेले असू शकतात. ती हलतच नसेल तर पिस्टन जाम आहे. अशा वेळी जोर लावू नका. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबा, मग सावकाश हलवून पाहा. सायलेन्सर काढला की धुराच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. तिच्यावर खोल उभे ओरखडे असतील तर खर्च वाढणार हे तिथेच समजून घ्या.

ठिणगी. नवा प्लग स्वस्त असतो, तो आधीच आणून ठेवा. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवा, कॅप इन्सुलेटेड पक्कडीत धरा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब हवा. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. नसेल तर जुन्या यंत्रात पहिला संशय फ्लायव्हीलखालच्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर त्यांच्यावर काळपट थर चढतो. दादाच्या यंत्रात तेच झालं होतं. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला, पुसून घेतलं आणि ठिणगी आली.

इंधन. जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकट होतं आणि कार्बुरेटरची बारीक भोकं बुजवतं. या यंत्राचा कार्बुरेटर प्लॅस्टिकचा आहे आणि आत रबराचा पातळ डायफ्रॅम आहे. तो कडक झाला किंवा चिरला की कितीही दोरी ओढा, इंजिन नीट चालत नाही. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बुरेटर क्लीनर आणि फुंकर पुरते. डायफ्रॅम, गॅस्केट आणि इंधनाची नळी सरळ नवी घाला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला फुगवतं किंवा मऊ करतं. भारतात 20 टक्के मिश्रणावरून जी चर्चा झाली तिच्यात जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा मुद्दा होता, तो हाच.

तिन्ही ठीक असूनही जोर येत नसेल तर सायलेन्सर पाहा. ऑइल जळून साठलेला काजळीचा थर धुराची वाट अडवतो. पिस्टनने भोक झाकलं जाईल अशा स्थितीत आणून लाकडी पट्टीने काजळी खरवडा, म्हणजे पिस्टनला ओरखडा पडत नाही आणि कचरा आतही जात नाही. क्रँकच्या ऑइल सीलकडेही लक्ष हवं. सील गळत असेल तर तिथून जास्तीची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा जाम होतो.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

या यंत्राला 25 भाग पेट्रोलला 1 भाग टू-स्ट्रोक ऑइल लागतं. म्हणजे 1 लिटरला 40 मिलिलिटर, 5 लिटरला 200 मिलिलिटर. प्रमाण यंत्रागणिक बदलतं, त्यामुळे आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहूनच ठरवा. ‘धूर नको’ म्हणून ऑइल कमी केलं तर बेअरिंग आणि पिस्टन कोरडे पडतात. मिश्रण टाकीत न करता वेगळ्या कॅनमध्ये करा, हलवा आणि महिनाभरात संपेल इतकंच बनवा.

पात्यांना जपायचं का?

रंग जुना राहिला तरी चालेल, पाती जुनी नकोत. व्हिक्टाची पाती गोल तबकडीच्या कडेला बोल्टवर सैल लावलेली असतात. दगड लागला की ती मागे वळतात आणि क्रँकवरचा आघात कमी होतो. म्हणूनच त्या बोल्टची झीज धोकादायक ठरते. पात्यांच्या टोकांच्या वर्तुळाचा व्यास 18 इंच आणि मिनिटाला 3000 फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 258 किलोमीटर होतो. या वेगाने सुटलेला तुकडा काय करेल ते सांगायला नको. पाती आणि बोल्ट एकत्र, पूर्ण संच बदला. एकच पातं बदललं तर तोल बिघडून यंत्र थरथरतं. खालच्या पत्र्याला तडा गेला असेल किंवा गंजून भोकं पडली असतील, तर ते यंत्र सुरू न करणंच बरं.

चालवताना काय पाळायचं?

आधी जमिनीवरून एक फेरी मारून दगड, तारा, मुलांची खेळणी उचला. पायात जाड बूट, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण हवं, कारण जुन्या टू-स्ट्रोकचा आवाज कर्कश असतो. मुलं आणि पाळीव प्राणी लांब असू द्या. यंत्र स्वतःकडे ओढत मागे चालू नका. गवत कोरडं असताना, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. आणि महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करून कार्बुरेटरमधलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा.

धुराचं काय?

याच मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. ऑस्ट्रेलियाने 2017 मध्ये उत्सर्जनाचा कायदा केला. 1 जुलै 2018 पासून लॉनमोअरसारख्या यंत्रांच्या नव्या इंजिनांची आयात आणि निर्मिती, तर 1 जुलै 2019 पासून त्यांची विक्री नव्या मानकांखाली आली. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक लॉनमोअरचा काळ त्याने संपला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2024 च्या मॉडेलपासून अशा बहुतेक नव्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. घरात आधीपासून असलेलं यंत्र वापरायला यामुळे मनाई होत नाही, पण नियम कशासाठी आले ते विसरता येत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइलचा धूर सर्वात आधी यंत्र ढकलणाऱ्याच्याच नाकात जातो.

माझं म्हणणं होतं की बॅटरीचं लॉनमोअर घ्यावं. दादाचं म्हणणं, बॅटरीचं यंत्र दहा वर्षांनी बिघडलं तर ते असं गॅरेजच्या फरशीवर उघडून दुरुस्त करता येईल का? दोघांचंही खरं होतं. बाबांनी निकाल दिला: ‘‘रोजच्या कामाला नवं घ्या. हे चालू स्थितीत ठेवा आणि कमी चालवा.’’

मग वाचवायचं कोणतं?

दोरीला चांगला अडथळा लागतो, पत्रा शाबूत आहे आणि सुटे भाग अजून मिळतात, अशा तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असेल तर यंत्रावर वेळ घालवा. सिलिंडर ओरबाडलेला, क्रँक वाकलेला किंवा पत्रा तडकलेला असेल तर ते सुट्या भागांसाठी कुणाला तरी देऊन टाका. रोज तासन् तास गवत कापायचं असेल तरी हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

तिसऱ्या रविवारी इथे सकाळचे नऊ आणि तिथे दुपारचे दीड वाजले होते. दादाने पाचव्यांदा दोरी ओढली आणि फोनच्या स्पीकरमधून तो तडतड आवाज घरभर झाला. बाबा क्षणभर ऐकत राहिले. ‘‘थोडं मिसिंग मारतंय, पण तापलं की बसेल,’’ ते म्हणाले. दोन मिनिटांनी खरंच बसलं. एकूण खरेदी झाली ती प्लग, डायफ्रॅम, गॅस्केट, इंधनाची नळी आणि पाती-बोल्टचा संच एवढीच.

दादाच्या अंगणातल्या गवताला तिथे ‘काउच’ म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव शोधल्यावर कळलं, ती आपली हरळी, म्हणजेच दूर्वा. पुढच्या अंगणासाठी त्याने बॅटरीचं यंत्र मागवलं आहे. व्हिक्टा महिन्यातून एकदा, मागच्या तुकड्यावर चालतं. गणपतीच्या आठवड्यात मात्र त्या तुकड्यावर ते फिरवायचं नाही, असं मावशीने बजावलं आहे.