जनतेच्या जीवनाचा दर्जा कसा मोजावा?

पिकाची आणेवारी, जिला हल्लीं पैसेवारी म्हणतात, ती ठरवितांना विहिरीजवळच्या एकाच चांगल्या शेताकडे पाहून भागत नाहीं, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. लोकांच्या जीवनाच्या दर्जाची गोष्टही तशीच आहे. कुटुंबाची जमीन, गुरेंढोरें व उत्पन्न यांची मोजदाद सोपी; परंतु त्या घरांतील माणसांस सुखाची झोप लागते काय, दुखणें अंगावर काढून तीं राबतात काय, हें त्या मोजदादींत दिसत नाहीं.

केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालीं अमलांत आलेल्या घटनेंत आहे. हें स्वास्थ्य मोजण्याचें साधन तयार करण्यास संघटनेनें १९९१ सालीं आरंभ केला. त्यासाठीं निवडलेल्या पहिल्या पंधरा केंद्रांत दिल्ली व मद्रास हीं दोन होतीं. प्रथम १०० प्रश्नांची व पुढें २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली सिद्ध झाली.

या २६ प्रश्नांपैकीं दोन एकंदर जीवन व प्रकृति यांविषयीं आहेत. उरलेल्यांपैकीं ७ शरीराचे, ६ मनाचे, ३ सामाजिक संबंधांचे व ८ परिसराचे आहेत. परिसरांत घर, पैसा, सुरक्षितता, वैद्यकीय सोय, प्रवासाचीं साधनें इत्यादि गोष्टी येतात. गेल्या दोन आठवड्यांचा अनुभव ध्यानांत घेऊन प्रत्येक उत्तरास १ ते ५ गुण द्यावयाचे. चारही विभागांचे गुण मात्र निरनिराळेच ठेवतात. जमिनींत नत्र विपुल असलें म्हणून स्फुरदाची उणीव भरून निघत नाहीं. तद्वत् पक्क्या घरानें मनाची उदासी भरून निघत नाहीं.

हे प्रश्न विचारावयाचे कोणास? केवळ दवाखान्यांतील रोग्यांस विचारल्यास सर्व जनतेचें मान कळणार नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पीककापणीसाठीं शेतें यदृच्छेनें निवडण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. माणसेंही तशींच, आवडनिवड न करितां, निवडावीं लागतात. निरोगी व रोगी, धनिक व मजूर अशा सर्वांचें सरासरी मान हातीं आलें, म्हणजेच कोणता वर्ग किती मागें आहे, हें ताडून पाहतां येतें.

या मापास एक मर्यादा आहे. कष्टांची संवय झालेला मनुष्य थोडक्यांतही समाधान मानतो. म्हणून उत्तरांच्या जोडीला आयुर्मान, बालमृत्यूचें प्रमाण, पिण्याचें पाणी अशा बाह्य गोष्टींचीही मोजणी अवश्य आहे.

जमीनदार शेतकऱ्यांवर यांत एक जबाबदारी येते. पाहणी करणारे दाराशीं आले असतां घरधन्यानें सर्वांच्या वतीनें उत्तरें देऊं नयेत. पत्नी, वृद्ध माता व सालगडी यांस एकांतांत, आपापल्या तोंडानें बोलूं द्यावें. मालकासमोर गडी आपली कंबर दुखते असें सांगणार नाहीं. आणि जें दुखणें नोंदलें गेलें नाहीं, त्यावर उपायही योजला जात नाहीं.